कोरड्या तलावातला प्रत्येक काळा दगड अशनी नसतो

‘वाळवंटातल्या कोरड्या तलावाच्या तळावर मूळचे दगड नसतातच; तिथे वरच पडलेला काळा दगड चुंबकाला चिकटला, की तो अशनी (आकाशातून पडलेला दगड) समजून उचलावा आणि विकावा,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात ल्यूसर्न, कोयोटी यांसारख्या कोरड्या तलावांच्या फिकट मातीवर अशनी सापडले आहेत, हे खरे. पण अशा जागी दगड चटकन दिसतो, एवढाच त्याचा अर्थ.

दगड नसतातच, हे विधान डेथ व्हॅलीतील रेसट्रॅक तलावावर टिकत नाही. तिथे डोंगरउतारावरून आलेले दगड मागे लांब चर उमटवत सरकतात. डिसेंबर २०१३ मध्ये त्याचे कारण प्रत्यक्ष पाहायला मिळाले: उथळ पाण्यावर रात्री गोठलेला पातळ बर्फ उन्हाने तडकतो आणि मंद वाऱ्यावर वाहणारे त्याचे पत्रे दगडांना पुढे रेटतात.

चुंबकाची कसोटी तर आपल्याकडेच फसते. सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे लोहाचे चुंबकीय खनिज असते, त्यामुळे दोऱ्याला टांगलेले चुंबक त्याकडेही झुकते. उलट चंद्रावरून आलेले अशनी चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत, आणि जोरदार चुंबक लावल्याने दगडात जपलेली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते, ते नुकसान वेगळेच. त्यापेक्षा कोपरा किंचित घासून पाहावा: सामान्य अश्म-अशनीत, म्हणजे दगडी अशनीत, धातूचे चकाकते कण आणि बारीक गोल दाणे दिसतात. बुडबुड्यांची भोके मात्र बहुधा लाव्हाची.

विक्रीविषयी थोडक्यात: अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांतून अशनी उचलण्यास मनाई आहे. संघराज्याच्या भूव्यवस्थापन खात्याच्या खुल्या जमिनीवर, परवान्याशिवाय, माणशी वर्षाला १० पौंडांपर्यंत वेचता येतात, पण ते विकता येत नाहीत.

राहिला ‘वरच पडलेला’ हा भाग. २७ नोव्हेंबर २०१५ रोजी ऑस्ट्रेलियातील एअर सरोवराच्या खारट तळावर पडलेला मुरिली हा १.६८ किलोचा अशनी चिखलात ४२ सेंटिमीटर खोल रुतला होता. आकाशातील अग्निगोल टिपणाऱ्या कॅमेऱ्यांवरून जागा हिशेबाने काढली गेली, विमानातून तळावरची खूण दिसली आणि स्थानिक अराबाना वाटाड्यांच्या साथीने ३१ डिसेंबरला हातांनी चिखल उपसून तो बाहेर काढण्यात आला, ती खूण पुसून टाकणारा मोठा पाऊस येण्याच्या अवघे काही तास आधी.