पिशवी वितळत नाही, म्हणून रस्सा सुरक्षित?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मेसेजचा आशय असा: गरम चहा, मिसळीचा रस्सा प्लास्टिकच्या पिशवीतून बिनधास्त आणा. पॉलिथिन ११० अंशांना वितळतं, रस्सा १०० च्या आसपासच असतो. पिशवी फूडग्रेड, म्हणजे अन्नासाठी चालणाऱ्या दर्जाची, असली की तिच्यातून काही उतरत नाही. तिच्यात बीपीए (काही प्लास्टिकमध्ये वापरलं जाणारं, आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन) नसतं. आणि प्लास्टिकचे कण पोटात गेलेच तर तसेच बाहेर पडतात.

वितळण्याचा आकडा खरा आहे. पातळ पिशवीचं पॉलिथिन साधारण १०५ ते ११५ अंशांना वितळतं. पण वितळणं वेगळं आणि उतरणं वेगळं. पॉलिथिनच्या रेणूंच्या लांब साखळ्यांमध्ये इतर द्रव्यं मिसळलेली असतात: प्लास्टिक लवकर खराब होऊ नये म्हणून, पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून, रंगासाठी. ती साखळ्यांना जोडलेली नसतात, नुसती अडकून बसलेली असतात. उष्णतेने साखळ्या सैल हलू लागतात आणि हे छोटे रेणू बाहेर सरकतात. त्यातली बरीचशी पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात. म्हणून पिशवीतल्या साध्या पाण्यापेक्षा वर तर्री तरंगणारा रस्सा जास्त ओढून घेतो.

हे घरीच दिसतं. भाजीच्या प्लास्टिकच्या डब्याला लागलेला हळदीचा पिवळा डाग कितीही घासला तरी जात नाही, कारण रंग पृष्ठभागावर राहिलेला नसतो. तेलाबरोबर प्लास्टिकच्या आत शिरलेला असतो. रंगाला आत जायला वाट आहे, तशी आतल्या द्रव्यांना बाहेर यायलाही आहे.

‘फूडग्रेड म्हणजे काही उतरत नाही’ हे तर कायद्यालाच धरून नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार प्लास्टिकच्या वेष्टनातून अन्नात एका किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत द्रव्य उतरू शकतं, त्यापुढे बंदी. काहीच उतरत नसतं तर मर्यादा कशाला घातली असती? चाचणीही ठरावीक तापमान आणि ठरावीक वेळ धरून होते. शिवाय गल्ल्याशेजारी लटकणारी, शिक्का नसलेली पिशवी फूडग्रेड आहे हे ओळखायचं कसं? काळी किंवा गडद रंगाची पिशवी बहुधा पुनर्वापराच्या प्लास्टिकची असते. तिच्यात आधी काय होतं ते दुकानदारालाही माहीत नसतं.

बीपीएबद्दल थोडक्यात. ते पॉलिकार्बोनेट नावाच्या कडक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये आणि पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या लेपात वापरलं जातं, पॉलिथिन बनवायला लागतच नाही. पिशवीत ते नाही, हे ठीक. पण त्यावरून बाकीच्या द्रव्यांबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

कणांचा मुद्दा मात्र गंभीर आहे. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी प्लास्टिकचं अस्तर असलेल्या कागदी कपांत १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं, तेव्हा त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म कण आले. म्हणजे कागदी कप हा पिशवीवरचा उपाय नव्हे. मोठे कण बहुतेक शौचावाटे बाहेर पडतात, हे खरं. पण इटलीतल्या २०२४ च्या अभ्यासात मानेच्या रोहिणीतून काढलेल्या चरबीच्या थरांमध्ये २५७ पैकी १५० रुग्णांत पॉलिथिनच सापडलं. ज्यांच्या थरात प्लास्टिक होतं, त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण साडेचार पट होतं. प्लास्टिकमुळेच हे झालं असं यातून सिद्ध होत नाही, पण ‘तसेच बाहेर पडतात’ हे विधान यापुढे टिकत नाही.

रस्सा आणायला झाकणाचा स्टीलचा डबा न्या. पिशवीतून आलाच तर घरी पोहोचताच पातेल्यात ओता. पिशवी गरम पाण्यात बुडवून किंवा प्लास्टिकच्या डब्यासकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवून पुन्हा गरम करू नका. डबे आतून खरवडले, पांढुरके पडले की त्यांत फक्त कोरडं, थंड सामान ठेवा.