आधी विचारा, मग खड्डे खणा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, रविवारी 9 वाजता मागच्या ओपन स्पेसवर लोकसहभागातून वृक्षारोपण, सर्वांनी उपस्थित राहावे, नाश्त्याची सोय केली आहे. खाली अंगठ्यांची रांग. दुपारी जाऊन बघितलं तर खड्डे खणून झालेत, रोपं येऊन पडलीत, सगळे शोभेचे बॉटल पाम, पाहुणे ठरलेत, बॅनर पण लागलाय. मग लोकांचा सहभाग नेमका कशात? रोप हातात धरून फोटोला उभं राहण्यात? डोकंच फिरलं माझं, म्हणून लिहितोय, लांबेल जरा.

याच जागेवर तीनेक वर्षांपूर्वी असंच वृक्षारोपण झालं होतं. पाहुणे गेले, पाऊस संपला आणि दिवाळीनंतर रोपं वाळायला लागली. एक उपटून बघितलं तर मुळांभोवतीची काळी प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती, तशीच पुरलेली. कुंपणाकडेची चार-पाच जगली ती फक्त बी विंगमधल्या आजींमुळे. आरओचं वाया जाणारं पाणी तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये साठवायच्या आणि ऊन उतरलं की खाली येऊन एकेका बुंध्याशी हळूहळू ओतायच्या, वॉचमनचा मुलगा दुसरा कॅन घेऊन मागे. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. दोन करंज आणि एक बहावा माझ्या डोक्याच्या वर गेले होते. आणि मग गेल्या वर्षी सुशोभीकरण आलं. जेसीबीने सकाळी दहाच्या आत सगळं सपाट केलं, अर्ध्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसले. परवानगी घेतलीय का विचारलं तर ठेकेदाराचा माणूस म्हणतो, ही झाडं कुठेत, झुडपं आहेत.

आजी त्या दिवशी गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या. कॅन भरलेला होता.

आपल्याकडे महाराष्ट्रात 1975 चा झाडांचा कायदा आहे, झाड तोडायचं तर त्यावर नोटीस लावायची, लोकांना हरकतीसाठी सात दिवस द्यायचे. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन 50 वर्षांवरच्या झाडांना हेरिटेजचा दर्जा पण मिळाला. चांगलंच आहे. पण झाड लावताना आपल्याला कोण विचारतं? कुठलं लावायचं, कुठे लावायचं, पाणी कोण घालणार, हे सगळं ज्यांनी ही जागा पावसात कधी पाहिलीच नाही ते ठरवणार, उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार नुसता. आजींना विचारलं असतं तर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं की ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला जुलैत पाणी साचतं, तिथे काही टिकत नाही, आणि पोरं क्रिकेट खेळतात तो मधला पट्टा मोकळाच ठेवा.

आणि लोकांना घेऊन काही होत नाही असं मला कोणी सांगू नका. मुंबईत धारावीला लागून, मिठीच्या काठी, 37 एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभंय ना, तिथे आधी कचऱ्याचा डेपो होता. पुण्यात वारज्याला वनखात्याच्या जागेवर कचरा आणि अतिक्रमणं होती, तिथे वनखातं, संस्था आणि लोक मिळून जंगल झालं, आणि 5 जून 2020 ला केंद्राने 200 नगर वनांची योजना जाहीर केली तेव्हा उदाहरण दिलं ते वारज्याचं. वेताळ टेकडीवरून रस्ता नको म्हणून पुणेकर रस्त्यावर उतरले ते काय नाश्त्यासाठी? जीव लागलेला असतो माणसांचा. रोज सकाळी त्या टेकडीवर जाणाऱ्याला तिथला पळस कधी फुलतो ते ठाऊक असतं, फाईलला नसतं.

हो, मान्य, लोकही कमी नाहीत. पानं गाडीवर पडतात म्हणून फांद्या छाटा म्हणणारे आपल्याच बिल्डिंगमध्ये आहेत. पण म्हणून आजींनाही विचारायचं नाही?

मघाशी जिन्यात भेटल्या. म्हटलं रविवारी येणार का. त्यांना राग वगैरे काही नाही हो, उलट म्हणाल्या, येईन की, पण अरे पाणी कोण घालणार ते ठरलंय का? इतकंच. मी दिवसभर जे चिडून बोलतोय ते त्यांनी एका वाक्यात विचारलं, आणि त्याला उत्तर द्यायला त्या बॅनरवर एकही नाव नाही. खरं सांगतो, गलबलून आलं.

तर उद्या अकरा वाजता मी वॉर्ड ऑफिसला अर्ज घेऊन जातोय. बॉटल पाम परत न्या, करंज, बहावा, कडुनिंब आणि मागच्या कोपऱ्यात एक उंबर द्या. पुढच्या तीन उन्हाळ्यांचं पाणी आणि माणूस याच कामाच्या खर्चात धरा. बुंध्याभोवती पेव्हर नको, माती मोकळी ठेवा. आणि देखरेखीला आम्ही राहणाऱ्यांची समिती करा, त्यात पहिलं नाव आजींचं, विचारून घेतलंय मी त्यांना. कागद ए विंगच्या लिफ्टजवळ टेबलावर ठेवलाय, पेन पण आहे. सकाळी दहापर्यंत सह्या करा, फ्लॅट नंबर लिहा, आणि ज्यांना सोबत यायचंय त्यांनी खाली कमेंट करा, दोन गाड्या निघतील.