कानातल्या मॉनिटरवरचा तो फॉरवर्ड

'स्टेजवर कानात वायरलेस यंत्र घालणाऱ्या गायकांच्या मेंदूत रेडिएशन शिरतं, ते बहिरे होतात, आणि तसेही ते गात नसतातच, कानात रेकॉर्ड वाजत असते.' हा फॉरवर्ड फिरत फिरत आमच्या ताईकडे पोचला आणि तिने ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या भाचीला कानातलं काढून गायला लावलं. म्हणून लिहावं लागतंय. हे यंत्र म्हणजे कानातला मॉनिटर, गाताना गायकाला स्वतःचा आवाज आणि साथ ऐकवणारा छोटा स्पीकर.

आधी रेडिएशन. गायकाच्या कमरेला लावलेली डबी हा रिसीव्हर असतो. रिसीव्हर! तो लहरी पकडतो, सोडत नाही. सोडणारा ट्रान्समीटर विंगेत रॅकमध्ये असतो, साधारण 10 ते 100 मिलिवॅटचा. डबीपासून कानापर्यंत येते ती साधी वायर. ज्या 4जी फोनवरून हा फॉरवर्ड ढकलला तो 200 मिलिवॅटपर्यंत लहरी सोडतो आणि तो आपण खुशाल कानाला लावतो. बरं, गायकाच्या हातातला कॉर्डलेस माइक मात्र खरोखरच ट्रान्समीटर असतो, ओठांपासून चार बोटांवर. इतक्या वर्षांत त्यावरून कोणाला मेंदूची काळजी वाटली नाही.

रेकॉर्डचं म्हणाल तर कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, येते, काही शोमध्ये ट्रॅक, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेलं संगीतही असतं, मान्य. पण खोटंच गायचं तर ते पायाशी स्पीकर ठेवूनही जमतं. कानात मुख्यतः हवा असतो तो स्वतःचा आवाज. नाहीतर कानावर पडतो तो उशिरा परतलेला आवाज: मैदानात 50 मीटरवरच्या इमारतीवर आपटून आवाज परत यायला जवळपास 0.3 सेकंद लागतात. द्रुत लयीत तेवढ्यात एक मात्रा निघून जाते.

आता बहिरेपण. अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेची शिफारस अशी: 85 डेसिबल आवाजात जास्तीत जास्त 8 तास, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. शेजारी ड्रम्स बडवले जात असताना पायाशी ठेवलेल्या वेजमधून, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या तिरक्या स्पीकरमधून, स्वतःला ऐकायचं तर आवाज सहज 100च्या घरात जातो. कानात घट्ट बसलेला इअरपीस बाहेरचा गोंगाट अडवतो, त्यामुळे आवाज कमी ठेवता येतो. अर्थात ठेवला तर. एक इअरपीस काढून गायची जी फॅशन आहे ती खरंच घातक: उघड्या कानात ड्रम्स आणि दुसऱ्यात आवाजाचा नॉब वाढतच जातो. प्रेक्षकांपासून तुटल्यासारखं वाटत असेल तर साउंडवाल्याला प्रेक्षकांकडे एक माइक लावायला सांगा आणि त्याचा थोडा आवाज कानात येणाऱ्या मिक्समध्ये घ्या. लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारी सोय, चालू आहे ना, तेही त्यालाच विचारा.