डिपॉझिट धर आन सोडून दे म्हणे!

भाडेकरूनं घराची वाट लावली की आपल्याकडं सगळ्यांचा एकच सल्ला, "जाऊ दे ना भो, डिपॉझिट धर आन सोडून दे." अरे पण का सोडायचं? आमचं भुसावळचं जुनं घर, घर खाली करायची ऑर्डर निघाली तेव्हा कुठं गडी बाहेर पडला, आन जाताना बेसिनचा नळ, दोन पंखे घेऊन गेला. ते एकवेळ चालेल. पण खिडकीचं ग्रील कापून कूलर बसवलेला! मे महिन्यात इथं पारा 45 च्या वर जातो, कूलरशिवाय भागत नाही हे कोणाला सांगायचं, पण बाहेर स्टँड लाव ना बाबा. दोन उन्हाळे पाणी भिंतीत मुरलं, प्लास्टर फुगून पडलं, खालच्या स्विचबोर्डाला ओल. शॉक बसून कोणी गेलं असतं तर?

आता रंग उडाला, खिळ्यांची भोकं पडली, फरशी घासली, याचे पैसे मी मागणार नाही. वापरानं जे झिजतं ते मालकाचंच, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 108 लाही नेहमीची झीज सोडूनच घर होतं तसं परत करायचं म्हटलंय. काही घरमालक नुसत्या रंगासाठी अख्खं डिपॉझिट गिळतात, ती पण लुबाडणूकच. कापलेलं ग्रील मात्र झीज नाही.

अजून एक, तो निघत नव्हता तेव्हा लाईट तोडा, पाणी बंद करा सांगणारे काका-मामा खूप भेटले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 29, असलं केलं तर उलट आपणच अडकतो. त्यापेक्षा कलम 24 बघा, लिव्ह-लायसन्सची, म्हणजे ठराविक काळासाठी घर वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपूनही बसून राहिला तर भाडं दुप्पट लागतं. फक्त करार रजिस्टर हवा, कलम 55 प्रमाणं ती जबाबदारी मालकाचीच, नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून निवांत बसणारे आपल्याकडं पैशाला पासरी आहेत!

तोडफोडीच्या पैशासाठी मात्र दिवाणी दावा वेगळा, त्याला तीन वर्षांची मुदत. म्हणून मिस्त्रीला हात लावू द्यायच्या आधी शेजारच्या आबांना उभं करून सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढला, इलेक्ट्रिशियन आन वेल्डरकडून लेखी एस्टिमेट घेतलं, वकिलाची नोटीस स्पीड पोस्टानं गेली. डिपॉझिट वजा करून उरलेला आकडा त्यात लिहिलाय, हिशोबासकट. बायको म्हणते वकिलाची फीच जास्त होईल. होऊ दे, त्याच्या पुढच्या घरमालकानं चौकशी केली तर दाखवायला कागद तर राहील.