गाठी मोजा, काडी लावा आणि गालिचा अस्सल? त्या व्हायरल मेसेजला मुद्देसूद उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जुन्या गालिच्यांबद्दलचा एक मेसेज फिरतोय. त्यात सहा गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. गाठी जितक्या जास्त तितका गालिचा जुना नि महाग. धागा जाळून केसांचा वास आला की हाताने विणलेला. रंग सुटला नाही तर नैसर्गिक, आणि नैसर्गिक म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा. झालर शिवलेली दिसली की मशीनचा. साल विणलेलं असेल तर प्रश्नच मिटला. आणि जुना गालिचा म्हणजे सोनं, भाव चढतच राहणार. गालिच्यांच्या प्रदर्शनात, जुन्या बंगल्यांतलं नि वाड्यांतलं सामान निघतं तिथे, लोक हा मेसेज हातात धरून खरेदी करतात. म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

मेसेजची मूळ गफलत एकच आहे. गालिचा हाताने विणलाय का, कशाचा आहे, कधीचा आहे आणि आज किती धड आहे, हे चार वेगळे प्रश्न आहेत. मेसेज एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतो.

आधी गाठींचं बघू. दर चौरस इंचात किती गाठी, यावरून विणकामाला किती वेळ लागला आणि नक्षी किती बारीक उतरू शकते हे कळतं. वय कळत नाही. आज टिकून असलेला सगळ्यात जुना अखंड गालिचा सायबेरियात पाझिरिकच्या थडग्यात सापडला. तो ख्रिस्तपूर्व ५व्या-४थ्या शतकातला मानतात, आणि त्यात चौरस इंचाला साधारण २३० गाठी आहेत. उलट कॉकेशसमधल्या कझाक गालिच्यांत बऱ्याचदा ५० ते ८०च गाठी असतात, तरी १९व्या शतकातले चांगले कझाक संग्रहालयं जपून ठेवतात. भटक्या जमातींच्या बलुच, कश्काई गालिच्यांचंही तसंच. त्यांची किंमत लोकर, रंग आणि मोकळ्या हाताच्या नक्षीत असते. दुसरीकडे काल-परवा काश्मिरात विणलेल्या गालिच्यात इंचाला १८ बाय १८, म्हणजे ३२४ गाठी सहज मिळतात.

मोजण्यातही लोक फसतात. गालिचा उलटा करा, पाठीवर एक इंच आडवी नि एक इंच उभी पट्टी धरा, दोन्हीकडचे ठिपके मोजून गुणाकार करा, इथवर मेसेज बरोबर आहे. पण प्रत्येक गाठ ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांपैकी, दोन धाग्यांभोवती बसते. ते दोन्ही धागे एका पातळीत असले तर पाठीवर एका गाठीचे दोन ठिपके शेजारी शेजारी दिसतात. एक धागा दुसऱ्याच्या मागे दडवलेला असला, जसा काश्मिरी किंवा इराणातल्या नाईनच्या विणीत असतो, तर एकच ठिपका दिसतो. म्हणून आधी नक्षीत कुठेतरी एकट्या रंगाची एकच गाठ शोधा आणि ती पाठीवर किती ठिपक्यांची दिसते ते बघा. दोनची असेल तर आडवी मोजणी निम्मी करायची. हे न केल्याने २००चा गालिचा ४०० म्हणून विकला जातो. आणखी एक चलाखी आहे ती जुफ्ती गाठीची. तिथे गाठ दोनाऐवजी चार धाग्यांवर घेतात. काम निम्म्यात होतं, पण लव, म्हणजे गालिच्यावरचे उभे झुबके, विरळ बसते आणि लवकर झिजते. एकरंगी भागात बोटाने लव फाकवली आणि मधला ताणा उघडा दिसला तर जुफ्तीचा संशय घ्या.

आपल्याकडच्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचा जमखाना हाताने विणलेला असतो, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण तो सुती सतरंजीचा प्रकार. त्याला लव नाही, गाठही नाही. मेसेजच्या मोजमापात तो शून्य गुण मिळवेल. ही विणच वेगळी आहे, तिला गाठींची फूटपट्टी लावणं चूक.

"काडी लावा, केसांचा वास आला की हाताचा." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. जळण्याचा वास फक्त धागा कशाचा ते सांगतो. लोकर आणि खरं रेशीम जळताना केसांसारखा वास येतो, ज्योत बाजूला घेतली की धागा विझतो, राख बोटात चुरते. सूत नि व्हिस्कोस (कृत्रिम रेशीम) कागदासारखं जळतं. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पण मशीनवर विणलेल्या लोकरीच्या गालिच्यालाही केसांचाच वास येणार, हे मेसेज सांगत नाही.

त्याहून वाईट म्हणजे लोक टोकाची दशी काढून जाळतात, कारण ती सहज हाताला लागते. इराणी शहरी गालिचे आणि आपल्याकडचे बहुतेक गालिचे सुती ताण्यावर विणलेले असतात, आणि दशा म्हणजे ताण्याचीच टोकं. त्यांना कागदाचाच वास येणार. अशाने चांगला लोकरीचा गालिचा नकली ठरवून लोक परत फिरतात. जाळायचंच असेल तर विकणाऱ्याला विचारून लवेचे चार-पाच तंतू पाठीकडून चिमट्याने घ्या आणि बाहेर जाऊन जाळा. ताण्याची चाचणी वेगळी करा. रेशमाच्या नावाखाली व्हिस्कोस विकलं जातं ते या चाचणीत चटकन पकडता येतं.

आता हाताचा की मशीनचा. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबागेतल्या मागावरच्या माणसाला हे दाखवलं तर तो मिनिटात सांगेल, कारण ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, ओळखणं त्याच्या रोजच्या कामातलं आहे. लव बाहेरच्या बाजूला राहील अशी घडी घालून गालिचा वाकवा, म्हणजे लव फाकते आणि तळ दिसतो. हाताच्या गालिच्यात प्रत्येक झुबक्याच्या बुडाशी दोन धाग्यांना मिठी मारलेली लहानशी गाठ दिसते. मशीनच्या गालिच्यात गाठ नसते, लवेचा धागा बाण्याखालून वळून वर आलेला असतो. मग पाठ बघा. हाताच्या गालिच्याची नक्षी पाठीवर जवळजवळ समोरच्याइतकीच स्पष्ट उतरते आणि गाठींच्या ओळी किंचित वरखाली असतात. रुंदी तीन ठिकाणी मोजा, वर, मध्ये, खाली. एखाद-दोन इंचांचा फरक निघाला तर बिचकू नका, हातमागावर तो पडतोच.

पाठीवर कापड चिकटवलेलं असलं तर तो टफ्टेड गालिचा. हातात धरायच्या पिस्तुलासारख्या यंत्राने ताणलेल्या कापडात धागे ठोकतात, मागून लॅटेक्सचा थर देतात आणि वर कापड लावून सगळं झाकतात. दुकानदार याला 'हँडमेड' म्हणतो आणि कागदोपत्री ते खोटंही ठरत नाही, पण त्यात एकही गाठ नाही. काही वर्षांनी लॅटेक्स सुकून भुगा होतो, गालिचा झटकला की खाली पांढरी पूड पडते, झुबके हाताने उपटून येतात. हा गालिचा दुरुस्तही होत नाही. लोकरीचा टफ्टेड गालिचा काडीच्या परीक्षेत मात्र पहिल्या नंबराने पास होतो.

हाताच्या गालिच्याच्या भावाचा अंदाज साध्या हिशोबाने येतो. ५ बाय ८ फूट म्हणजे ४० चौरस फूट, ५७६० चौरस इंच. इंचाला १०० गाठी धरल्या तर ५ लाख ७६ हजार गाठी. एक विणकर दिवसाला आठेक हजार गाठी घालतो असं धरलं तरी एका माणसाचे ७२ दिवस झाले. ३२४ गाठींचा असेल तर २३३ दिवस. लोकर, रंगाई, धुलाई, व्यापाऱ्याचा हिस्सा वेगळाच. एवढी मजुरी ज्या भावात बसत नाही, त्या भावात कोणी "हाताने विणलेला" म्हणत असेल तर घडी घालून बूड बघितल्याशिवाय पुढे बोलू नका.

रंगांच्या दाव्यात तर दोन चुका एकावर एक रचल्या आहेत. पहिला कृत्रिम रंग १८५६ साली पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने बनवला. पुढच्या वीस-तीस वर्षांत असे रंग तुर्की, इराण, हिंदुस्तानातल्या विणकरांपर्यंत पोचले. इराणने या ॲनिलिन (कृत्रिम) रंगांवर बंदी घातली, तरी ते थांबले नाहीत. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खऱ्याखुऱ्या जुन्या गालिच्यातही कृत्रिम रंग सापडतात, आणि त्यातले सुरुवातीचे रंग ओल्या कापडाला लागतातही. उलट तुर्कीत १९८१पासून नैसर्गिक रंगांचं विणकाम पद्धतशीर पुन्हा सुरू झालं, तेव्हा नैसर्गिक रंगाचा गालिचा चाळीस वर्षांचाही असू शकतो. नीळ नैसर्गिक असली तरी घासल्यावर थोडी लागते. पांढरं सुती फडकं ओलं करून लाल, काळ्या नि निळ्या भागावर दहा-पंधरा सेकंद दाबून घासा, ही चाचणी जरूर करा. पण ती धुताना काय होईल ते सांगते. वयाबद्दल ती गप्प आहे.

वयाच्या खुणा लवेच्या पोटात शोधा. लव फाकवून टोकापासून बुडापर्यंत रंग बघा. वर्षानुवर्षांच्या उजेडाने विटलेला रंग टोकाला फिका आणि खाली हळूहळू गडद होत जातो. टोक एकदम फिकं आणि त्याखाली रेघ मारल्यासारखा गडद रंग असेल तर रसायनाने धुऊन गालिचा म्हातारा केलाय. टोक राखाडी नि बूड भडक जांभळं-गुलाबी असेल तर तो बहुधा सुरुवातीचा कृत्रिम रंग. अजून एक खूण आम्हांला फार बोलकी वाटते. काळा नि गडद तपकिरी रंग पूर्वी लोहयुक्त द्रव्यात पक्का करत, आणि ते लोह लोकरीला हळूहळू खातं. म्हणून जुन्या गालिच्यात काळ्या रेषा शेजारच्या लाल-निळ्या लवेपेक्षा खोल गेलेल्या असतात, बोट फिरवलं की खाचा लागतात. नकली काम करणारे कात्रीने काळी लव छाटून हीच खूण उभी करतात. पण कात्रीची छाट सगळीकडे सारख्या उंचीची असते, लोहाने खाल्लेली लव कुठे कमी कुठे जास्त.

झिजलेल्या जागी ताण्यावर शाई किंवा मार्कर फिरवून नक्षी पूर्ण केलेली असते, तीही त्याच ओल्या फडक्यावर उतरते.

झालरीचं थोडक्यात. हाताच्या गालिच्यात दशा ताण्यातूनच येतात, हे खरं. पण दशा सगळ्यात आधी झिजतात, आणि दुरुस्तीत कितीदा तरी नवी झालर शिवतात. शिवलेली झालर दिसली तर ती उचलून खाली ताण्याची तुटलेली टोकं आहेत का आणि शेवटची किनार पूर्ण आहे का ते बघा. एका टोकाला तीन पट्ट्यांची किनार आणि दुसऱ्या टोकाला दोनच, असं दिसलं तर गालिचा कापून छोटा केलाय. किंमत तिथे घसरते.

साल विणलेलं असणं हा पुरावा आहे, पण उलटतपासणी लागते. साल बहुधा हिजरी असतं. त्याला ०.९७ने गुणा आणि ६२२ मिळवा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या अर्दबील गालिच्यावर ९४६ आहे, म्हणजे १५३९-४०. पण १३२० असं साल चांद्र हिजरीने १९०२ येतं, आणि इराणने १९२५ साली स्वीकारलेल्या सौर हिजरीने, ज्यात ६२१ मिळवायचे, १९४१. शिवाय अरबी लिपीतल्या ३ आणि २ या आकड्यांत एका दात्याचा फरक. चार गाठी उपसून पार्श्वभूमीच्या रंगाने भरल्या की १३२०चे १२२० होतात आणि गालिचा जवळपास शंभर वर्षांनी म्हातारा होतो. आकड्याभोवतीची पाठ भिंगाने बघा. तिथल्या गाठी फुगीर, लोकर वेगळ्या छटेची वाटली तर साल सोडून द्या. नक्षीबरोबर सालाचीही नक्कल होते. अर्दबीलच्या कितीतरी नकलांवर ९४६च विणलेलं आहे.

नक्कल म्हटली की आपल्याच भागातला धागा येतो. विजापूरच्या आसार महालातल्या जुन्या गालिच्यांवरून पुण्याच्या येरवडा जेलमध्ये कैद्यांनी गालिचे विणले. आग्रा, लाहोरच्या जेलांतही असंच काम चालायचं. रामदुर्ग, जमखंडीच्या वाड्यातला किंवा बेळगावच्या कॅम्पातल्या बंगल्यातला "इराणी" म्हणून दाखवलेला गालिचा असा हिंदुस्तानी निघू शकतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. चांगला जेल गालिचा आज जाणकार आवर्जून शोधतात. फक्त तो इराणी म्हणून इराणी भावाने घेऊ नका. 'बुखारा'चंही तसंच, ते विकल्या जाणाऱ्या पेठेचं नाव, नक्षी तुर्कमेन, आणि बाजारातले बरेच बुखारा पाकिस्तानात विणलेले.

राहिला सोन्याचा दावा. सोन्याला रोजचा भाव आणि हॉलमार्क असतो, गालिच्याला दोन्ही नाही. गेल्या पन्नास वर्षांतले ढीगभर व्यापारी गालिचे विकायला काढले तर खरेदीच्या निम्मेही येत नाहीत. आणि आपल्या हवेत जुनेपणाबरोबर कूज येते. खानापूर, कणकुंबीकडचा पाऊस, ओली फरशी, वर गुंडाळून ठेवलेला गालिचा, यात सुती ताणा आतून मरतो नि वरून लव झकास दिसते. दोन्ही हातांत सहा इंचांवर पकडून गालिचा हलकेच मागे वाकवा. बारीक तडतड ऐकू आली की थांबा, ताणा कुजलाय, त्याला इलाज नाही. मग गालिचा उजेडासमोर उभा धरून भोकं बघा. कपाटाखाली राहिलेल्या भागात कसर लागलेली असते, वाळूसारखे कण आणि पांढरी जाळी शोधा. कसर असेल तर घरी नेण्याआधी दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करा. लहान गालिचा प्लॅस्टिकमध्ये बंद करून उणे १८ अंशांत दोन आठवडे तरी ठेवता येतो. उघड्या खोलीत डांबराच्या गोळ्या टाकून कसर मरत नाही.

शंभर वर्षांवरचा गालिचा घेताना कायदाही बघा. १९७२च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरच्या कारागिरीच्या वस्तू येतात. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. विकणारा शंभर वर्षांची बढाई मारत असेल तर परवाना दाखवायला सांगा, बऱ्याचदा वय तिथेच निम्मं होतं. पावतीवर लांबी-रुंदी, लवेचा धागा, ताण्याचा धागा, कुठला, अंदाजे कोणत्या दशकातला, कुठे कुठे दुरुस्ती झालीय आणि किती दिवसांत परत घेणार, एवढं लिहून घ्या. आणि शब्द 'हँडनॉटेड', म्हणजे हाताने गाठी घालून विणलेला, हवा. 'हँडमेड'वर अडून बसणारा दुकानदार बहुधा टफ्टेड विकतोय.