भाऊबंद असो वा उपरा

मागच्या रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर चहा घेताना आमच्या मंडळीतल्या एका सिंगापुरी अंकलनी मला सरळच विचारलं, "तुम्ही भारतीय मॅनेजर लोक आपलीच माणसं का भरता?" त्यांचा मुलगा आठ महिने घरी बसलाय. आवाजात राग कमी होता, थकवा जास्त. मला काही बोलता आलं नाही. घरी आल्यापासून ते मनातून जात नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी मूळची नगरची. सिंगापूरला एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे वरच्या नोकऱ्यांसाठी परदेशी माणसाला मिळणाऱ्या परवान्यावर आले, आता पीआर, म्हणजे इथली कायमची रहिवासी आहे. ऑगस्ट २०१४पासून इथे नियम आहे की परदेशी माणसासाठी असा पास मागण्याआधी कंपनीने ती जागा सरकारी पोर्टलवर जाहीर करायची, किमान १४ दिवस, आणि आलेल्या अर्जांचा खरोखर विचार करायचा. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जागा निघाली. जाहिरात लागली तेव्हाच माणूस ठरला होता, साहेबांच्या जुन्या ऑफिसमधला. तरी तीन स्थानिक उमेदवार बोलावले. त्यातले एक गृहस्थ ४८ वर्षांचे. त्यांनी आमच्या कामाची आधीच माहिती काढली होती, वहीत प्रश्न लिहून आणले होते. पॅनेलवर मी होते. मी प्रश्न विचारले, हसून निरोप दिला. निकाल लागलेला आहे हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. हे पाप आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला, २०व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला लहानपणापासून ऐकत आले. मळ्याचा धनी दिवसभरात पुन्हा पुन्हा बाजारात जाऊन मजूर आणतो आणि संध्याकाळी उशिरा आलेल्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. चर्चमधल्या संदेशात बहुतेक वेळा भर असतो तो सगळ्यांना सारखा दिनार मिळाला यावर. मला मात्र आता दिवस मावळायला आलेला असताना बाजारात उभी असलेली ती माणसं दिसतात. धनी विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ती म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. ती आळशी नव्हती. धनी त्या दिवशी पाच वेळा बाजारात गेला होता. आम्ही १४ दिवसांत एकदाही गेलो नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे परदेशी लोकांना परत पाठवा. नाही. ज्या शहरात मी एसी ऑफिसात बसते, ते बांधणारी बांगलादेशी आणि तमिळ पोरं लॉरीच्या मागे बसून कामावर जातात. त्यांचा कामाचा परवाना, वर्क परमिट, एका मालकाशी बांधलेला. मालकाने तो रद्द केला की पोरगा बहुधा विमानात. इकडे एजंटने किती घ्यायचं याला कायद्याने मर्यादा आहे, पण तिकडे गावात घेतलेल्या पैशांवर इथल्या कायद्याचा हात पोचत नाही. त्या पैशांसाठी काढलेलं कर्ज फिटेपर्यंत पोरगा तोंड उघडत नाही. आमच्या नगर-बीडकडे ऊसतोडीची उचल घेतलेल्या जोडप्याला मुकादमापुढे जसं बोलता येत नाही, तसंच. २०२०च्या कोरोनात डॉर्मिटरीत, म्हणजे मजुरांच्या वसतिगृहांत, दाटीवाटीने राहणाऱ्या या मजुरांमध्ये साथ पसरली, तेव्हा कुठे पुष्कळांना कळलं की ही माणसं राहतात कुठे. हेल्थसर्व्ह ही ख्रिस्ती डॉक्टरांच्या पुढाकाराने सुरू झालेली संस्था २००६पासून त्यांना औषधपाणी देते आहे, पण आपल्या बहुतेक मंडळ्यांना त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

अंकलचा मुलगा आणि लॉरीतला पोरगा यांना एकमेकांसमोर उभं करणं सोपं आहे. पवित्र शास्त्र तसं करत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात, १४व्या आणि १५व्या वचनात, आज्ञा आहे की गरीब मजुरावर जुलूम करू नको, मग तो तुझा बांधव असो की तुझ्या गावातला उपरा. त्याची मजुरी सूर्य मावळण्याआधी दे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. एकाच वाक्यात दोघे. मला हे फार नेमकं वाटतं. उपरा घाबरलेला आणि स्वस्त असला की मालकाला स्थानिक माणूस महाग वाटायला लागतो. उपऱ्याला पुरी मजुरी आणि मालक सोडायची मुभा द्या, मग बघू किती मालकांना स्थानिक माणसं "मिळत नाहीत".

माझे पणजोबा बलुत्यावर राबायचे. खळ्यावर उभं राहायचं, देणाऱ्याच्या मनात येईल तेवढं पदरात घ्यायचं. आजी सांगायची की ख्रिस्ती झाल्यावर त्यांना सगळ्यात नवल वाटलं ते याच गोष्टीचं, की देवाच्या पुस्तकात मजुरी हा मजुराचा हक्क म्हणून लिहिलाय. त्यांच्या पणतीने दुसऱ्याचा हक्क मारायचा, हे मला सहन होत नाही.

कायदा हलतो आहे. सप्टेंबर २०२३पासून पाससाठी गुणांची पद्धत आली, आणि कंपनीतल्या वरच्या नोकऱ्यांत एकाच देशाची माणसं २५ टक्के किंवा जास्त असतील तर त्या देशाच्या नव्या उमेदवाराला विविधतेचे गुण शून्य. जानेवारी २०२५मध्ये नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा संसदेत संमत झाला. त्यात वय, वंश, धर्म यांच्याबरोबर राष्ट्रीयत्वही आहे. नागरिकांना झुकतं माप द्यायची मुभा मालकाला राहते, आणि मला ती गैर वाटत नाही. ज्यांची मुलं इथे दोन वर्षं सैन्यात काढतात त्यांचा या भूमीवर आपल्यापेक्षा जास्त अधिकार आहे. मुंबईत हेच आपण हक्काने म्हणतो ना?

पण घरकाम करणाऱ्या बाया इथल्या मुख्य रोजगार कायद्यात आजही बसत नाहीत. महिन्यातली किमान एक सुट्टी पैसे देऊन विकत घेता येणार नाही, हे ठरायला जानेवारी २०२३ उजाडला. मंडळीत आपण शाब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा पाठ म्हणतो. तिच्यात दासी आणि उपरा दोघांचाही उल्लेख आहे.

यंदा पुन्हा एक जागा निघाली. या वेळी सगळे अर्ज मी स्वतः वाचले, तीन संध्याकाळी गेल्या. पाच जणांना बोलावलं. वडिलांच्या आजारपणात नोकरी सोडलेली एक सिंगापुरी बाई सगळ्यांत सरस निघाली आणि तिला घेतलं. पुण्याच्या ज्या मुलाचं नाव माझ्या डोक्यात होतं, त्याला मीच फोन केला. तो "ठीक आहे ताई" म्हणाला आणि थोडा वेळ गप्प झाला. त्याच्या घरावर कर्ज आहे, मला माहीत आहे. रोज प्रार्थनेत त्या दोघांचीही नावं घेते.