स्पेलिंग पाठ करायला लावण्याआधी शब्दाचं गाव विचारा

शेंगा चटणीच्या पाकिटावर इंग्रजीत 'चटणी' कशी छापायची, हा सोलापुरात रोजचा प्रश्न. कुणी सी-एच-ए-टी-एन-आय छापतं, कुणी सी-एच-यू-टी-एन-आय. इंग्रजी कोशातलं स्पेलिंग आहे सी-एच-यू-टी-एन-ई-वाय. हा यू आला कुठून? आपला आखूड 'अ' साहेबाच्या कानाला त्याच्या 'कप'मधल्या यूसारखा वाटला, म्हणून त्याने यू लिहिला. जंगल, ठग, बंगला हे शब्द इंग्रजीत गेले तेव्हाही हेच झालं. कमरबंदात तर दोनदा: सी-यू-एम-एम-ई-आर-बी-यू-एन-डी. शेवटची ई त्याने मनी, हनी लिहितात तशी ई-वायने लिहिली. एवढं कळल्यावर हा शब्द पुन्हा चुकणं कठीण आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. एकेक स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहून घेणं बंद करा. इंग्रजीने जगभरातून शब्द उचलले आणि बऱ्याच वेळा त्यांचा मूळचा पोशाख तसाच ठेवला. तो पोशाख ओळखायला शिकवलं, तर पाठांतराचं निम्मं ओझं उतरतं. अमेरिकेत १९२५ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय स्पेलिंग बी स्पर्धेत मुलांना शब्द कोणत्या भाषेतून आला हे विचारायची मुभा असते, ती उगाच नाही. आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली पोरं घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी-उर्दू आणि पाहुण्यांशी कन्नड बोलतात. 'हा शब्द आपल्यातला नाही, त्यांच्यातला आहे' हे त्यांच्या कानाला आधीच कळतं. या कानाचा उपयोग इंग्रजीच्या तासाला कुणी करून घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सुरुवात सी-एच या जोडीपासून करा. चेअर, चाइल्ड, चीज हे इंग्रजीत फार जुने मुरलेले शब्द, तिथे उच्चार 'च'. शेफ, मशीन, ब्रोशर, पॅराशूट, शिफॉन फ्रेंचमधून आले, म्हणून 'श'. स्कूल, कोरस, कॉलरा, स्टमक ग्रीक, म्हणून 'क'. मूल शिफॉन लिहिताना एस-एच घालतं, कारण त्याने फक्त आवाज ऐकलेला असतो. कापड फ्रेंच नावाचं आहे एवढं सांगितलं तर सी-एच आपोआप येतो. दोन एफ मात्र लक्षात ठेवावे लागतात.

कापडाचा विषय निघालाच आहे तर जॅकार्ड. ज्या यंत्रावर आपली चादर विणली जाते त्याचं स्पेलिंग चादरींच्या या गावातच सर्रास चुकतं. बरोबर स्पेलिंग जे-ए-सी-क्यू-यू-ए-आर-डी. हे आडनाव आहे: फ्रान्समधल्या लियोंचे जोसेफ मारी जॅकार्ड, माग १८०४ चा. फ्रेंचमध्ये क्यू-यू म्हणजे 'क्व' नाही, नुसता 'क'. बुके, बुटीक, अँटिक, टेक्निक, सगळीकडे तोच. हे नुसतं शोभेचं ज्ञान नव्हे. एलसीवर, म्हणजे बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्रावर, माल परदेशी जातो तेव्हा इनव्हॉइसमधलं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळावं लागतं. तिथे 'के' टाकून जॅकार्ड लिहिलं की पत्रव्यवहार वाढलाच.

फ्रेंचच्या आणखी दोन खुणा. शेवटचा टी न बोलता लिहायचा: बुके, बॅले, बुफे, डेपो. आणि 'ओ'साठी ए-यू. रेस्टॉरंटची पाटी चुकते ती इथेच. रेस्ट, मग ए-यू, मग आर-ए-एन-टी. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ पुन्हा ताजंतवानं करणं, आपल्या रिस्टोअरचं भावंड. मनातल्या मनात 'रेस्ट-आऊ-रंट' असं म्हणून लिहायचं, तोंडाने नेहमीसारखं बोलायचं. लिएझॉनमध्ये ए-च्या दोन्ही बाजूंना आय: एल-आय-ए-आय-एस-ओ-एन. दुसरा आय गाळलेला अर्ज हमखास पाहायला मिळतो.

दवाखान्यांच्या पाट्यांवर ग्रीकचं राज्य. दातांच्या दवाखान्याबाहेर पायोरिया लिहायची वेळ आली की भलेभले अडखळतात. पी-वाय-ओ-आर-आर-एच-ओ-ई-ए. पायो म्हणजे पू, पुढचा भाग म्हणजे वाहणं. ग्रीकमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'र' हकाराची फुंकर घेऊन यायचा, म्हणून रिदम आणि ऱ्हुमॅटिझममध्ये आर-एच. तोच शब्द दुसऱ्या शब्दाच्या मागे जोडला की र दुप्पट होतो आणि आर-आर-एच तयार होतं. डायरिया, हेमरेज, पायोरिया, तिघांचं गणित एकच. अमेरिकन लोक पायोरिया आणि डायरियातला ओ गाळतात, आर-आर-एच मात्र तेही सोडत नाहीत.

लॅटिनसाठी तर आपल्याकडे तयार किल्ली आहे, फक्त ती कुणी वापरत नाही. उत् अधिक लेख उल्लेख, सत् अधिक जन सज्जन, ही व्यंजनसंधी आठवी-नववीतल्या मुलाला येते. लॅटिन उपसर्ग अगदी हेच करतात. इन अधिक लीगल म्हणजे इल्लीगल, म्हणून दोन एल. इन अधिक मॉर्टल, म्हणून दोन एम. आता लॉजच्या पाटीवरचं अकोमोडेशन घ्या. स्टेशन असो की एसटी स्टँड, पंढरपूर-अक्कलकोटच्या भाविकांसाठी लावलेल्या या पाट्यांवर एक एम हमखास गायब. मूळ तुकडे अॅड, कॉम आणि मोडस. अॅडमधला डी पुढच्या सी-ला भेटून सी झाला, म्हणून दोन सी. कॉमचा एम आणि मोडसचा एम, म्हणून दोन एम. उलट रेकमेंडमध्ये 'रे' आणि 'कमेंड', डी नाहीच, म्हणून सी एकच. मराठीच्या आणि इंग्रजीच्या बाईंनी एकत्र बसून एक तास घेतला तर हा धडा एका दिवसात होईल.

इटालियन सगळ्यात सोपं, कारण तिथे दोन अक्षरं लिहितात ती दोन्ही उच्चारतात, आपल्या पक्का-कच्चासारखी. कॅफेच्या मेन्यूकार्डावर कापुचिनो लिहिताना मनात 'काप्पुच्चीनो' म्हणा. दोन पी, दोन सी, आणि एन मात्र एक. ब्रॉक्कोलीत दोन सी, एल एक.

मग आपले स्वतःचे. मुंगूस मराठीतून इंग्रजीत गेला: एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई. शेवटी गूस दिसतो म्हणून मुलं अनेकवचनात गीस लावतात. बदकाशी, हंसाशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून अनेकवचन साधं, मागे एस. घुशीचं बँडिकूट हे नाव तेलुगू पंदिकोक्कुवरून, म्हणजे डुक्कर-उंदीर. इथल्या तेलुगू घरातल्या मुलाला हे सांगितलं की तो ते घरी जाऊन आजीला सांगणारच. एक पट्टा गुळगुळीत, एक सुरकुतलेला, अशा कापडाला सीअरसकर म्हणतात. ते फारसीतलं शीर-ओ-शकर, दूध आणि साखर. खाकी म्हणजे खाकेच्या, मातीच्या रंगाची, म्हणून के-एच, सी-चा पत्ताच नाही.

करायचं काय? दोनशे पानी वही, भाषेला एक पान: फ्रेंच, ग्रीक, लॅटिन, इटालियन, आपले. रोज पाच शब्द, त्याहून जास्त नको. शब्द एकदाच लिहायचा आणि फसवणाऱ्या अक्षराखालीच लाल रेघ मारायची. पूर्ण शब्दाखाली मारली तर ती कशाची खूण तेच कळत नाही. शब्दाचं मूळ मेरियम-वेबस्टरच्या मोफत ऑनलाइन कोशात मिळतं. दुसऱ्या दिवशी पाच शब्द तोंडी विचारा, पण स्पेलिंगच्या आधी 'कुठला?' हे विचारा. उत्तर चुकलं तर त्या भाषेच्या पानावरचे जुने शब्द पुन्हा वाचायला लावा, तोच शब्द दहादा लिहायला नको.

काही शब्दांना ही युक्ती लागू पडत नाही, हेही मुलांना आधीच सांगा. आयलंड मुळात अस्सल इंग्रजी, त्यात एस नव्हताच. लॅटिन वंशाच्या आइलशी नातं आहे असं समजून तो मागून घातला. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी लॅटिन मूळ दिसावं म्हणून पंडितांनी बसवला, डाउटमधलाही तसाच. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर.